फायबरच्या पोटातली फट: थर्मल कॅमेऱ्याने कंपोझिटची तपासणी

माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो. आवाज बद्द आला की माठ बाजूला. फायबरग्लास आणि कार्बन फायबरच्या, म्हणजे तंतूंचे थर रेझिनने (घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकने) चिकटवून केलेल्या कंपोझिट वस्तूंची तपासणी कित्येक ठिकाणी अजून अशीच चालते. नाणं किंवा लहान हातोडी घ्यायची, बोटभर अंतरावर ठोकत जायचं आणि आवाज बदलला की खडूने खूण करायची. पद्धत स्वस्त आहे आणि पातळ कातडीखालची (बाहेरच्या थराखालची) मोठी फट ती पकडतेही. पण सगळी मदार ठोकणाऱ्याच्या कानावर, आणि दोन तास ठोकल्यावर कान कंटाळतो. तपासणी अपुरी पडली तर काय होऊ शकतं त्याचं एक उदाहरण: ६ मार्च २००५ रोजी क्युबातल्या वाराडेरोहून निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए३१० विमानाचं रडर (शेपटावरचं उभं सुकाणू) हवेतच तुटून पडलं. सुदैवाने विमान सुखरूप परतलं. रडर कार्बनच्या दोन कातड्या आणि मधे हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ पेशींचा गाभा, असं सँडविच होतं. रडरमधले सगळे दोष पकडायला तेव्हाचा तपासणीचा कार्यक्रम पुरेसा नव्हता, असं कॅनडाच्या तपास यंत्रणेने अहवालात लिहिलं.

उष्णतेने तपासण्याची कल्पना सोपी आहे. पृष्ठभागाला थोडा वेळ ऊब द्यायची आणि ती आत कशी झिरपते ते थर्मल कॅमेऱ्याने बघायचं. आत थर सुटले असतील तर मधली हवा उष्णतेला अडवते आणि तिथला पृष्ठभाग शेजारच्यापेक्षा जास्त वेळ गरम राहतो. हवेची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनला सुमारे ०.०२६ वॅट, फायबरग्लासची जाडीच्या दिशेने ०.३ च्या आसपास. म्हणून कागदाइतकी पातळ फटही दिसते.

इथेच बरेच जण फसतात. कॅमेरा घेतला, वस्तूकडे रोखला, लाल-पिवळं चित्र आलं, झाली तपासणी! एका चित्राला काही अर्थ नसतो. कुठला ठिपका कधी उमटला, किती वेळ टिकला आणि कसा विरला, यावरच निर्णय होतो. खाली जे काही सांगितलं आहे ते सगळं हा वेळ नीट मोजता यावा यासाठी आहे.

काय दिसतं, काय दिसत नाही

पृष्ठभागाला समांतर असलेले दोष दिसतात: थर सुटणं म्हणजे डिलॅमिनेशन, कातडी गाभ्यापासून सुटणं, रेझिन न पोचलेली कोरडी जागा, मोठे बुडबुडे, हनीकोंबमधलं पाणी, आणि आघाताने झालेली आतली पडझड. शेवटचा प्रकार कार्बनमध्ये फार महत्त्वाचा. पाना हातातून निसटून पॅनेलवर पडला तर वर साधा ओरखडाही दिसत नाही, पण आत थरामागून थर सुटत खाली पसरत गेलेला असतो.

पृष्ठभागाला काटकोनात गेलेली चीर जवळजवळ दिसत नाही, कारण उष्णता तिच्या कडेने सरळ खाली निघून जाते. दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले आहेत पण चिकटलेले नाहीत, असा जोडही सुटतो. त्यात हवाच नाही, मग अडवणार कोण? पाण्याने भरलेली फटही फसवते. पाण्याची वाहकता ०.६ च्या घरात, म्हणजे ते उष्णता अडवत नाही. उलट ती शोषून घेतं, आणि तिथे गरम ठिपक्याऐवजी थंड ठिपका दिसतो.

आधी घड्याळ, मग कॅमेरा

थर्मल डिफ्युझिव्हिटी हा अंक उष्णता पदार्थात किती लवकर झिरपते ते सांगतो. कार्बन-इपॉक्सीत (इपॉक्सी हा रेझिनचा एक प्रकार) जाडीच्या दिशेने तो सेकंदाला साधारण ०.४२ चौरस मिलिमीटर असतो, फायबरग्लासमध्ये ०.१३ ते ०.२. खोलीचा वर्ग करा, त्याला या अंकाने भागा. दोषाचा ठिपका साधारण किती सेकंदांच्या सुमारास ठळक होईल ते कळतं.

कार्बनमध्ये १ मिलिमीटर खोलीचा दोष सुमारे अडीच सेकंदांत दिसेल, २ मिलिमीटरचा साडेनऊ, ३ चा २१ आणि ५ चा ६० सेकंदांत. फायबरग्लाससाठी ०.१५ धरला तर १ मिलिमीटरला ७ सेकंद, २ ला २७, ३ ला ६० आणि ५ मिलिमीटरला जवळजवळ पावणेतीन मिनिटं. खोली दुप्पट झाली की वेळ चौपट होतो, आणि ठिपक्याचा ठळकपणा मात्र खोलीच्या घनाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे आठवा हिस्सा उरतो. दोष जेवढा खोल त्याच्या निदान दुप्पट रुंद हवा, नाहीतर उष्णता त्याला वळसा घालून निघून जाते. ३ मिलिमीटर खाली ६ मिलिमीटरपेक्षा लहान दोष शोधण्याचं वचन कुणालाही देऊ नका.

हाच हिशेब कुठे थांबायचं तेही सांगतो. पवनचक्कीच्या पात्यातली स्पार कॅप (मुख्य भार पेलणारा जाड पट्टा) ३० मिलिमीटर जाड धरली तर उष्णता तळाशी पोचायलाच शंभर मिनिटं लागतात. दिव्यांनी ते काम होणार नाही, तिथे अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची तपासणी) लावा. त्याच पात्याच्या मागच्या कडेला फोम किंवा बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) गाभ्यावर बसवलेली ३ मिलिमीटरची कातडी मात्र या पद्धतीसाठी अगदी सोयीची.

साहित्य

कॅमेरा ३२० बाय २४० पिक्सेलचा असला तरी चालतो, ६४० बाय ४८० असेल तर उत्तम. ८ ते १४ मायक्रॉन पट्ट्यातला, कूलिंग नसलेला मायक्रोबोलोमीटर (उष्णता टिपणारा सेन्सर) पुरतो. त्याची संवेदनशीलता ५० मिलिकेल्व्हिन (अंशाचा विसावा भाग) किंवा त्याहून चांगली असावी. खरी अट निराळीच आहे. कॅमेऱ्याने प्रत्येक पिक्सेलच्या तापमानाचा कच्चा आकडा सलग नोंदवला पाहिजे. रंगीत व्हिडिओ किंवा जेपीजी चित्रं निरुपयोगी, कारण दर फ्रेमला रंगांची पट्टी आपोआप बदलते आणि मोजायला काही उरत नाही. खरेदीपूर्वी विक्रेत्याला हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

सेकंदाला ९ फ्रेम देणारे कॅमेरे स्वस्त मिळतात. १ मिलिमीटरहून खोल दोषांसाठी ते पुरेसे आहेत. कार्बनमध्ये अर्ध्या मिलिमीटरवरचा दोष मात्र अर्ध्या-पाऊण सेकंदातच उमटतो. तिथे काही मिलिसेकंदांत किलोजूलच्या हिशेबात ऊर्जा ओतणारे झेनॉन फ्लॅश आणि वेगवान कॅमेरा लागतो. ते काम वेगळं आणि खर्चही वेगळा.

दिव्यांसाठी बांधकामावर वापरतात तसे १००० वॅटचे दोन हॅलोजन फ्लडलाइट घ्या. ‘१००० वॅटइतका उजेड’ असं खोक्यावर लिहिलेला एलईडी दिवा घेऊ नका. तो प्रत्यक्षात १०० वॅटच्या आसपासच वीज घेतो, आणि आपल्याला उजेड नव्हे, ऊर्जा हवी आहे. दोन दिवे मिळून २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढतात. त्यामुळे १६ अँपिअरचा सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरा. वायर गुंडाळलेली ठेवू नका, पूर्ण उलगडा. दिवे हाताने चालू-बंद केले तर प्रत्येक वेळी अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो. २५ अँपिअरचा सॉलिड स्टेट रिले (इलेक्ट्रॉनिक स्विच) हीट सिंकवर बसवून साध्या टायमरने चालवलात तर प्रत्येक शॉट, म्हणजे एकदा तापवून घेतलेली नोंद, सारखा निघतो.

दिवे विझल्यावरही त्यांची पुढची काच मिनिटभर तापलेली असते. तिचं उष्ण प्रतिबिंब पॅनेलवर पडतं आणि नेमक्या मोजायच्या वेळी चित्र नासतं. काच काढून टाकू नका, कारण नळी फुटली तर तुकडे अंगावर येतात. प्लायवूडच्या फळीला ॲल्युमिनियम फॉइल चिकटवून दोन झडपा करा आणि दिवे विझताच त्या पुढे सरकवा. सगळ्या साहित्यात सर्वांत स्वस्त वस्तू हीच, आणि बहुतेकांच्या मांडणीत नेमकी हीच नसते.

याशिवाय तिपाई, काळं जाड कापड, ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, काळा पोस्टर कलर आणि मऊ स्पंज लागेल. ज्या खोलीत लॅमिनेशन (रेझिन लावून थर चढवण्याचं काम) चालतं तिथे हे काम करू नका. ॲसिटोन आणि स्टायरिनच्या वाफेत हॅलोजन म्हणजे आगीला आमंत्रण.

नमुना पॅनेल

आपली मांडणी काय पाहू शकते आणि काय नाही, हे नमुना पॅनेलशिवाय कळत नाही. पॅनेल ज्या मालाची तपासणी करायची त्याच मालाचं हवं: तेच मॅट (काचतंतूंची चटई), तेच रेझिन, तेवढीच जाडी, तोच जेलकोट (वरचा गुळगुळीत रेझिनचा थर). हाताने केलेल्या कामात ४५० ग्रॅमच्या चॉप मॅटचा एक थर साधारण १ मिलिमीटर भरतो, म्हणून सहा थरांचं ३०० बाय ३०० मिलिमीटरचं पॅनेल करा. रेझिन पूर्ण क्युअर (घट्ट) झाल्यावर मागच्या बाजूने सपाट तळाची सोळा भोकं पाडा. ड्रिल नव्हे, एंड मिल (सपाट टोकाचं कटर) वापरा, कारण ड्रिलचा तळ शंकूसारखा होतो. व्यास २०, १५, १० आणि ५ मिलिमीटर. समोरच्या पृष्ठभागापर्यंत उरलेला माल १, २, ३ आणि ४ मिलिमीटर. एका ओळीत एक खोली, एका स्तंभात एक व्यास, आणि केंद्रं ६० मिलिमीटर अंतरावर.

भोक मागून पूर्ण उघडं असतं, त्यामुळे ते खऱ्या दोषापेक्षा जास्त ठळक दिसतं. जे भोक जेमतेम दिसतं त्याच मापाचा खरा दोष निसटेल, असं धरून चाला. अधिक प्रामाणिक नमुना हवा असेल तर लॅमिनेशन करतानाच थरांमध्ये टेफ्लॉनचे तुकडे ठेवा. पण एकेरी तुकडा ठेवून काही दिसत नाही, कारण टेफ्लॉनची वाहकता फायबरग्लासच्या जवळपास आहे. दोन तुकडे एकावर एक ठेवून चारही कडा केप्टॉन टेपने बंद करा, म्हणजे मधे हवेची पिशवी राहील.

पृष्ठभागाची तयारी

पांढऱ्या चकचकीत जेलकोटवर दोन अडचणी येतात. दिव्याचा बराचसा उजेड तो परत फेकतो, म्हणून माल तापतच नाही. शिवाय तो आरशासारखा वागतो. रंग न दिलेलं पारदर्शक फायबरग्लास आणखी वाईट, कारण उजेड आतपर्यंत शिरतो, उष्णता पृष्ठभागावर न राहता जाडीभर निर्माण होते आणि वर सांगितलेला वेळेचा हिशेबच कोलमडतो. दोन्हींवर उपाय एकच, मॅट (चमक नसलेला) काळा लेप. काळा पोस्टर कलर पाण्यात पातळ करा, जेलकोटवर तो नीट पसरावा म्हणून भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका आणि स्पंजने एकसारखा पातळ हात द्या. ओघळ राहिले तर तेच दोष म्हणून दिसतील. आधी कोपऱ्यात लावून पुसून बघा. मॅट कार्बनला लेप लागत नाही, क्लिअर कोट मारलेल्या चकचकीत कार्बनला लागतो. विमानाच्या भागांवर हा घरगुती उपाय अजिबात नको. तिथे देखभाल पुस्तिकेत मंजूर असलेलंच साहित्य वापरायचं आणि काम अधिकृत माणसानेच करायचं.

वस्तू दोन तास तरी त्याच खोलीत राहू द्या. उन्हातून आणलेलं पॅनेल तासभर स्वतःच निवत असतं, आणि त्याच्या आतल्या उष्णतेची उतरंड तुमच्या मापनात मिसळते.

प्रत्यक्ष शॉट

कॅमेरा अर्धा तास आधी सुरू करा. तो स्वतः तापत असताना आकडे सरकत राहतात. पॅनेलपासून तो इतक्या अंतरावर ठेवा की शोधायच्या सर्वांत लहान दोषावर एका दिशेने निदान पाच पिक्सेल पडतील. ३२० पिक्सेलमध्ये ४०० मिलिमीटर रुंदी मावली तर एक पिक्सेल सव्वा मिलिमीटरचा होतो, म्हणजे १० मिलिमीटरच्या दोषावर आठ पिक्सेल. कॅमेरा बरोबर समोर न ठेवता १० ते १५ अंश तिरका करा, नाहीतर त्याचं स्वतःचंच प्रतिबिंब मधोमध दिसतं. फार तिरकाही नको. पन्नास-साठ अंशांपलीकडे एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभागाची उष्णता किरणांनी बाहेर टाकायची क्षमता, घसरते.

दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, पॅनेलपासून ६० ते ८० सेंटिमीटरवर ठेवा. मांडणीभोवती काळं कापड लावा. पंखा बंद, एसी बंद, दार बंद. पंख्याच्या झुळुकीने पृष्ठभागावर उठणाऱ्या लाटा आणि खोल दोषाचा ठिपका यांत फरक करणं अनुभवी माणसालाही जड जातं.

ॲल्युमिनियम पट्टीचे चार लहान तुकडे कोपऱ्यांत चिकटवा. कॅमेऱ्यात ते स्पष्ट वेगळे दिसतात. त्यांच्या कडांवर फोकस लावता येतो आणि नंतर चित्रावरून वस्तूवरची जागा मोजता येते. सपाट काळ्या पृष्ठभागावर फोकस करायला दुसरं काहीच नसतं, आणि फोकस चुकलेली नोंद नंतर कशानेही सुधारत नाही.

आता कॅमेऱ्याचं स्वयंचलित कॅलिब्रेशन बंद करा. अधूनमधून ‘टिक्’ असा आवाज येतो तो त्याच्या शटरचा. नोंद चालू असताना ते पडलं तर सगळे आकडे एकदम उडी मारतात. ते हाताने एकदा पाडा आणि लगेच नोंद सुरू करा. पहिले दोन सेकंद दिवे बंदच राहू द्या. या थंड फ्रेम पुढे वजा करायला लागतात.

दिवे किती वेळ लावायचे? शोधायच्या खोलीसाठी काढलेल्या वेळेच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको. फायबरग्लासमध्ये २ मिलिमीटरसाठी ५ सेकंद, ३ ते ४ साठी १० ते १५. कार्बनमध्ये २ मिलिमीटरसाठी २ सेकंद. पृष्ठभागाचं तापमान १० ते १५ अंशांनी वाढलं की पुरे. खोलीच्या तापमानाला क्युअर केलेल्या इपॉक्सीचं काच-संक्रमण तापमान (ग्लास ट्रान्झिशन), म्हणजे ज्या तापमानाला ती मऊ पडू लागते ते, ५०-६० अंशांच्या घरात असू शकतं. म्हणून पृष्ठभाग ४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. ठळक चित्राच्या हव्यासापोटी दिवे दुप्पट वेळ लावले तर ठिपका ठळक होण्याऐवजी पसरट होतो.

दिवे विझले, झडपा पुढे आल्या, की हात बाजूला. काढलेल्या वेळेच्या दुपटीपर्यंत नोंद चालू ठेवा, म्हणजे फायबरग्लासमध्ये ४ मिलिमीटरसाठी साडेतीन मिनिटं. त्या वेळात पॅनेलसमोरून कुणी जाऊ नये. माणसाच्या अंगाची ऊबही पॅनेलवर परावर्तित होते. त्याच जागी पुन्हा शॉट घ्यायचा तर वीस मिनिटं थांबा. मोठ्या वस्तूचे चौकोन पाडा आणि शेजारच्या चौकोनांत पाचवा हिस्सा सामाईक ठेवा, कारण दिव्यांची ऊब कडेला नेहमी कमी पडते.

नोंद वाचताना

६४० बाय ४८० चा कॅमेरा, सेकंदाला ९ फ्रेम, २०० सेकंद: म्हणजे १८०० फ्रेम आणि सुमारे १.१ गिगाबाइट. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यातलं नमपाय हे आकडेमोडीचं साधन यांनी साध्या लॅपटॉपवर हे उरकतं. सुरुवातीच्या फ्रेम सगळ्या ठेवा. उशिराच्या फ्रेम दहा-वीसच्या गटांत सरासरी करून घ्या, तिथे बदल मंद असतो आणि सरासरीने गोंगाट कमी होतो.

पहिलं काम थंड फ्रेमची सरासरी वजा करणं. दुसरं, दिवे विझल्याचा नेमका क्षण शोधणं. सगळ्या चित्राचं सरासरी तापमान जिथे शिखर गाठतं, तो शून्य सेकंद. मग वेळ आणि तापमानवाढ या दोन्हींचे लॉगॅरिदम घेऊन आलेख काढा. निर्दोष जागेचा आलेख जवळजवळ सरळ रेषेत उतरतो आणि त्याचा उतार वजा अर्धा असतो. हॅलोजनच्या बाबतीत तापवण्याच्या वेळेच्या काही पट वेळ गेल्यावरच ही रेषा सरळ दिसते, आधीचा भाग सोडून द्या. दोषाच्या जागी आलेख या रेषेपासून वर सुटतो. सुटतो तो क्षण म्हणजे खोलीचा वर्ग भागिले डिफ्युझिव्हिटी, भागिले ३.१४. यावरून खोली उलट काढता येते. पण पुस्तकातला अंक वापरू नका. नमुना पॅनेलच्या २ मिलिमीटरच्या भोकावर हा क्षण मोजा आणि तुमच्या मालाची डिफ्युझिव्हिटी त्यावरून काढा.

प्रत्येक पिक्सेलच्या लॉग आलेखावर पाचव्या किंवा सहाव्या घाताची बहुपदी बसवली तर गोंगाट जातो आणि तिचे पहिले-दुसरे डेरिव्हेटिव्ह चित्ररूपात बघता येतात. स्टीव्हन शेपर्ड यांनी रूढ केलेली ही रीत. दुसरी रीत फेज, म्हणजे उष्णतेची लाट वेळेत किती मागे-पुढे आहे ते, काढण्याची. प्रत्येक पिक्सेलच्या वेळमालिकेचं फूरिए रूपांतर करायचं आणि सर्वांत कमी वारंवारतांची फेज-चित्रं बघायची. दिव्यांची ऊब असमान पडली किंवा लेप कमी-जास्त झाला तरी फेजवर त्याचा परिणाम फार थोडा होतो. हॅलोजनवाल्यांनी आधी फेज-चित्र बघावं, ते डोळ्यांना कमी फसवतं.

खोल दोषांसाठी लॉक-इन पद्धत अधिक भरवशाची. त्यात दिवे ठरावीक लयीत मंद-प्रखर होतात आणि त्या लयीत पृष्ठभागाचं तापमान किती मागे पडतं ते मोजतात. लय जितकी संथ तितकं खोल दिसतं. कार्बनमध्ये २० सेकंदांच्या आवर्तनाने जेमतेम ३ मिलिमीटरपर्यंत. फायबरग्लासमध्ये ४ मिलिमीटर गाठायला १०० सेकंदांचं आवर्तन लागतं. निदान चार-पाच आवर्तनं घ्या आणि पहिलं टाकून द्या, तेव्हा वस्तू अजून स्थिरावलेली नसते. यासाठी साधा रिले पुरत नाही, हॅलोजनला डिमर लागतो.

दोषाचं माप लवकरच्या चित्रावर घ्या. ठळकपणा जिथे निम्मा होतो त्या दोन कडांमधलं अंतर हे माप. उशिराच्या चित्रात कडा विरघळतात. एकाच दिशेच्या कार्बनमध्ये उष्णता तंतूंच्या दिशेने कित्येक पट वेगाने पळते, म्हणून गोल दोष लांबट दिसतो. त्याला तसाच लांबट समजून अहवालात लिहिणं ही नवख्यांची ठरलेली चूक.

खोटे ठिपके

दिवे विझताच झटकन गायब होतो तो ठिपका प्रतिबिंबाचा. पहिल्याच फ्रेमपासून दिसतो आणि हळूहळू विरत जातो तो लेपाचा, बोटाच्या ठशाचा किंवा खाली राहिलेल्या स्टिकरचा. आधी काहीच नसतं, काही सेकंदांनी उमटतो, वाढतो आणि मग विरतो, तो आतला. ही ओळख पक्की बसली की अर्ध्याहून अधिक घोटाळे संपतात. तरीही शंका राहिली तर पॅनेल ९० अंशांत फिरवून पुन्हा शॉट घ्या. दोष पॅनेलबरोबर फिरतो, प्रतिबिंब दिव्यांजवळच राहतं.

आतला ठिपका म्हणजे दोषच, असंही नाही. मागे रिब किंवा स्ट्रिंगर (मजबुतीसाठी बसवलेली पट्टी) असेल तर तिथे थंड पट्टा दिसतो. जाडी बदलते तिथे पायरी दिसते. जुन्या दुरुस्तीतली पुट्टी, रेझिन साचलेला कोपरा, गाभ्याच्या दोन तुकड्यांमधला गोंदाचा सांधा, सगळंच दिसतं. म्हणून ड्रॉइंग समोर ठेवल्याशिवाय चित्र वाचू नका. पॅनेलच्या कडेचं तापमानही आतल्या भागापेक्षा वेगळं वागतं. कडेपासून जाडीच्या दुप्पट पट्टा या पद्धतीने तपासलेला धरू नका.

पाणी शिरलेलं सँडविच

इथे दिवे लागतातच असं नाही. विमान ११ किलोमीटर उंचीवर असताना बाहेर उणे ५६ अंशांच्या आसपास तापमान असतं आणि हनीकोंबच्या पेशींत शिरलेलं पाणी गोठतं. विमान उतरल्यावर बाकीची कातडी लवकर ऊब धरते. बर्फाला वितळायलाच किलोला ३३४ किलोजूल लागतात, म्हणून तिथला डाग थंड राहतो. तो विरण्याआत कॅमेरा तयार हवा. पाणी ज्या कातडीला टेकलं असेल त्याच बाजूने दिसतं. पेशी अर्धीच भरलेली असेल तर आडव्या पॅनेलच्या वरच्या बाजूने काहीच दिसणार नाही, खालून बघावं लागतं.

कोकण-गोव्यातल्या फायबरच्या होड्यांत प्लायवूड किंवा बाल्साचा गाभा असलेलं डेक असतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपून गाभा भिजतो. होडी किनाऱ्यावर घेतली असेल तर दिवसभर उन्हात तापू द्या आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने डेक बघा. भिजलेला भाग उष्णता धरून ठेवतो आणि उबदार दिसतो. तोच भाग सकाळी ऊन आल्यावर तासाभराने थंड दिसेल. दोन्ही वेळांना उलट दिसणारा डाग म्हणजे पाणी, असं बऱ्याच भरवशाने म्हणता येतं. पावसाळ्यात ओल्या डेकवर मात्र हा प्रयोग करू नका. पृष्ठभागावरचं पाणी सुकताना जो थंडावा येतो त्याखाली सगळं झाकून जातं. साताऱ्याच्या चाळकेवाडीसारख्या पठारावर पवनचक्कीचं पातं जमिनीवर उतरवलेलं असतानाही वाऱ्याचा असाच त्रास होतो. आडोसा उभारा, नाहीतर वारा पडेल त्या वेळी काम करा.

नोंदवही

अहवालात रंगीत चित्र सगळेच लावतात. त्याच्याबरोबर कॅमेऱ्याचं अंतर आणि कोन, दिव्यांचं अंतर, तापवल्याचे सेकंद, पृष्ठभागाची कमाल तापमानवाढ, खोलीचं तापमान, फ्रेमचा वेग, आणि चित्र दिवे विझल्यानंतर कितव्या सेकंदाचं आहे ते लिहा. शेवटचा आकडा नसेल तर दुसऱ्याला ते चित्र पडताळता येत नाही. विमानांच्या कंपोझिट पॅनेलवरच्या फ्लॅश तपासणीसाठी एएसटीएम ई २५८२ हे मानक आहे. हॅलोजनवर काम करणाऱ्यांनीही ते एकदा वाचावं. सापडलेल्या प्रत्येक जागेवर मेणाच्या पेन्सिलीने खूण करून तिथे नाणं वाजवा, शक्य असेल तर अल्ट्रासॉनिकनेही बघा. भंगारात जाणारा एखादा भाग मिळाला तर खुणेवर करवतीने कापून कड पॉलिश करून पाहा. एका कापात जे कळतं ते दहा चित्रांत कळत नाही.

दिवसाचं काम सुरू करताना आणि संपवताना नमुना पॅनेलचा एक-एक शॉट त्याच मांडणीत घ्या. सकाळी ३ मिलिमीटर खाली दिसलेलं १० मिलिमीटरचं भोक संध्याकाळी दिसलं नाही, तर मधे फोकस हलला आहे, एखादी हॅलोजन नळी गेली आहे किंवा कॅमेरा सरकला आहे. कारण शोधा आणि त्या दिवशीचे सगळे शॉट पुन्हा घ्या.